निरंक

पहाटे ५.४०

माझ्या शर्टांच्या कॉलरला आतून दोऱ्याच्या गाठी आहेत. पांढऱ्याला एक, निळ्याला दोन, चौकड्याच्याला तीन. बिनगाठीचा म्हणजे नवा. तो घातला की रंग कोणता, हे दिवसभर लोकांकडून कळत राहतं. आज मुलाखती आहेत, म्हणून एक गाठ.

"आज किती जण?" हिनं चहा ठेवत विचारलं. कप नेहमीच्या जागी, कान माझ्या उजव्या हाताला.

"चौदा. त्यातले पाच आमच्यातले."

"आणि तुमचा तो रकाना?"

"एकीनं भरलाय. बाकी चौघांचं निरंक."

"घ्या! तुमच्यासारखेच निघाले."

ज्यांनी सरकारी कागद कधी भरला नाही त्यांच्यासाठी सांगतो. निरंक म्हणजे या रकान्यात कळवण्यासारखं काही नाही. थकबाकी निरंक, प्रलंबित चौकशी निरंक. मी एका महामंडळाच्या मुंबईतल्या मुख्य कार्यालयात, आस्थापना शाखेत आहे. मला दिसत नाही. ऊन असेल तर खिडकी कुठे आहे एवढं कळतं. आमच्या भरतीच्या अर्जात आता रकाना क्रमांक १४ असतो: 'मुलाखत अथवा चाचणीच्या वेळी कोणती सोय आवश्यक आहे?' तो छापला जावा म्हणून मी दीड वर्ष टिपण्या लिहिल्या. 'रकाना वाढविल्यास पान वाढते' हा एका वरिष्ठांचा शेरा मला अजून पाठ आहे. अखेर पान वाढलं, आणि त्या पानावर उमेदवार निरंक लिहून पाठवतात.

म्हणून गेल्या आठवड्यात मी चौघांना स्वतः फोन केले. एकानं उचललाच नाही. व्हीलचेअर वापरणारी एक मुलगी म्हणाली, "सर, माझं मी बघते. भाऊ उचलून आणेल."

"ताई, पायऱ्या किती आहेत हे तरी विचारा."

"विचारलं तर तुम्ही म्हणाल, इमारत जुनी आहे, हिला कुठे घेता. नकोच ते."

तिचं चुकत नव्हतं. असं म्हणणारे लोक मी याच इमारतीत ऐकलेत.

७.१२, कल्याण

दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे फलाटावर एक यंत्र वाजत असतं. गर्दी आणि घोषणांमधून तो आवाज वेचायचा आणि त्याच्याखाली जाऊन उभं राहायचं. डबा समोर येतो. तो रिकामा येतोच असं नाही. हातीपायी धड माणसं दारात उभी असतात आणि काठी दिसली की त्यांना एकदम मोबाइलमध्ये काम निघतं.

आत आमची मंडळी ठरलेली. बँकेतला पोलिओवाला मित्र, शेंगा विकणारे एक काका, आणि दोन कर्णबधिर पोरं. त्यांची चर्चा तापली की हात माझ्या गुडघ्याला लागतात. तेवढ्यावरून आज भांडण आहे की क्रिकेट, याचा मी अंदाज बांधतो.

"आज तुझ्याकडे इंटरव्ह्यू ना?" बँकवाला म्हणाला. "माझ्या वेळी त्यांनी मला जिना चढून दाखवायला लावला होता."

"चढलास?"

"चढलो की. पोस्टिंग तळमजल्यावर मिळालं."

मग नेहमीप्रमाणे प्रांजल पाटीलचा विषय निघाला. ती आमच्या शेजारच्या उल्हासनगरची, त्यामुळे डब्यात तिच्यावर सगळ्यांचा हक्क. २०१६ च्या निकालात तिचा क्रमांक ७७३ होता. रेल्वे लेखा सेवा मिळाली, पण दृष्टी नाही म्हणून रेल्वेनं घेतलं नाही. पुढच्याच वर्षी ती १२४ वी आली आणि भारतीय प्रशासकीय सेवेत गेली. लोकांना ही गोष्ट जिद्दीची वाटते. मला त्यातला मधला भाग आठवत राहतो. परीक्षा घेणाऱ्यांनी पास केलं, नेमणूक देणाऱ्यांनी नाकारलं, आणि जी एकदा पास झाली होती तिला पुन्हा परीक्षा द्यावी लागली. ७७३ वर थांबलेल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत?

कळव्याच्या खाडीवर रुळांचा आवाज पोकळ झाला. ठाणं आलं.

९.२०

स्टेशनबाहेर पदपथावर पिवळ्या फरश्या आहेत म्हणे. रंग कुणीतरी सांगितलाय, उंचवटे मात्र बुटातून मलाच कळतात. रेघा लागल्या की चालायचं, ठिपके लागले की थांबायचं. आमच्या रस्त्यावरच्या रेघा एका पार्क केलेल्या मोटारसायकलपर्यंत नेतात. तिथे ठिपके नाहीत, सायलेन्सर आहे.

दारात हजेरीचं यंत्र. ते चेहरा बघून हजेरी लावतं, म्हणजे चेहरा त्याच्या चौकटीत आणून द्यायचा, आणि चौकट आहे कुठे ते मला दिसत नाही. पहिले पंधरा दिवस पहारेकरी ओरडायचा, "साहेब, हनुवटी वर! थोडं डावीकडे!" फोटो स्टुडिओत असतो तसा. मग बोटाच्या ठशाचं जुनं यंत्र शेजारी परत लावून घेतलं. आता त्यावर रोज सहा-सात जण बोट टेकवतात. नव्या यंत्राला दाढीवाले ओळखू येत नाहीत, चष्मा बदललेले येत नाहीत, आणि एक बाई तर त्याला मुळीच पटत नाहीत. वेळ ९.४५ ची. उशिराचा शेरा कुणालाच नको असतो.

१०.१०

टेबलावर डाव्या हाताला कालच्या नस्त्या, उजव्या हाताला आजच्या, तातडीच्या नस्तीला रबरबँड. ही व्यवस्था आमच्या शिपाईकाकांची. माझ्या आजारपणातही त्यांनी ती मोडू दिली नव्हती. सहीसाठी जाड पुठ्ठ्याची एक पट्टी आहे, मधे बोटभर लांबीची खाच कापलेली. काका ती कागदावर सहीच्या जागी ठेवतात, मी खाचेत पेन टेकवून सही करतो. खाच नव्हती तेव्हा माझ्या सह्या वर चढत जायच्या आणि एकदा थेट 'मंजूर' शब्दावरून गेल्या होत्या.

संगणकावर एनव्हीडीए आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते करायला घेतलं आणि जगाला फुकट दिलं. पडद्यावर जे असेल ते एका कानात बोलतं, दुसरा कान मी ऑफिसला देतो. आम्ही त्याला वाचक म्हणतो. वाचक इमानदार आहे, पण भाबडा. जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं. युनिकोडमध्ये असतं तर मराठीत वाचलं असतं. ते जुन्या फाँटमध्ये होतं, म्हणजे पडद्यावर बघणाऱ्याला मराठी दिसतं आणि आत भलतीच चिन्हं भरलेली असतात. वाचक गंभीरपणे वाचत सुटला: "यूरो, डिग्री, प्लस-मायनस, कॅपिटल ओ, स्वल्पविराम." विषय बदलीचा असावा, कारण स्वल्पविराम फार होते.

दुसरं पत्र स्कॅन करून पाठवलेलं, म्हणजे कागदाचा नुसता फोटो. त्यावर वाचक एवढंच म्हणाला की पान रिकामं आहे. खाली सहीशिक्क्यासह तीन पानी आदेश असतो, आणि माझ्यापुरतं पान रिकामं! दोन्ही कार्यालयांना फोन केला. "साहेब, युनिकोडमध्ये टाइप करून मेल करा." पलीकडून, "पण छापल्यावर तर सारखंच दिसतं ना?" दिसतं, हो.

११.३०

रोखपाल बाईंची नस्ती अखेर परत आली. त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, आणि त्यांची खुर्ची अशी की खिडकीतला माणूस नेमका डाव्या बाजूला. पैसे घ्यायला आलेले लोक ओरडतात, बाई दुखावतात, लोक म्हणतात बाई माजोरड्या. मागणी अशी: टेबल आणि खुर्ची तीन फूट सरकवावी आणि उलट बाजूला वळवावी. खर्च निरंक. नस्ती पाच आठवडे फिरली. एका टप्प्यावर शेरा आला, 'सवलत दिल्यास इतरही मागतील.'

या एका शब्दावर माझा राग आहे. सवलत तिकिटात असते. सवलतीत देणारा थोडं सोडतो आणि घेणारा थोडा वाकतो. तीन फूट खुर्ची सरकवण्यात कुणी काय सोडलं? कायद्याच्या पुस्तकी मराठीत 'वाजवी समायोजन' वगैरे शब्द आहेत, ते मी टिपणीत वापरतो आणि बोलताना विसरतो. आपल्याकडे 'सोय' हा चांगला शब्द आहे. पाहुण्याची सोय करतात, वारकऱ्यांची सोय करतात. त्यात उपकार नसतो, यजमानाची लाज राखलेली असते.

टिपणीवर पुन्हा एकदा लिहिलं, की दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६, कलम २० अन्वये शासकीय आस्थापनेनं अशी सोय करणं बंधनकारक आहे. कायद्यात पळवाटही आहे, म्हणजे 'अवाजवी बोजा' पडत असेल तर नाही म्हणता येतं. तीन फुटांचा बोजा किती, ते त्यांनी लिहून द्यावं अशी विनंती केली. आज नस्तीवर एकच शब्द आला, 'हलवा'. काकांनी आणि मी मिळून हलवलं. चार मिनिटं लागली.

१२.४५

मुलाखती दरवर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात होतात. इमारत इंग्रजांच्या काळातली. उद्वाहन आहे, पण उद्वाहनापर्यंत पोचायला पाच पायऱ्या आहेत. म्हणून या वेळी मुलाखत मंडळच खाली आणलं, आवक-जावक शाखेच्या मागच्या खोलीत. तिथे बाजूच्या गल्लीतून सपाट दार आहे, पूर्वी कागदाचे गठ्ठे त्यातून यायचे. फक्त व्हीलचेअरवाल्या मुलीसाठी खाली उतरायचं आणि बाकी तेराजणांना वर बोलवायचं, अशी सूचना आली होती. ती मी मोडून काढली. मंडळ तिच्यासाठी जिना उतरून आलं हे तिला खोलीत शिरताना कळायला नको होतं. तिला एवढंच कळावं की मुलाखती इथे आहेत.

आता उजेड. कर्णबधिर मुलीनं रकाना क्रमांक १४ मध्ये स्वच्छ लिहिलं होतं: 'सांकेतिक भाषेचा दुभाषी. माझ्यासमोर बसावा. त्याच्या पाठीमागे खिडकी नसावी.' पाठीमागे खिडकी असली की हात आणि चेहरा काळे दिसतात, हे मला तिच्या मेलमुळे कळलं. मी एकेक खुर्चीवर बसून पाहिलं, म्हणजे गालावर ऊन कुठे लागतं ते पाहिलं.

"काका, या खुर्चीच्या मागे उजेड आहे. हिला तिकडे घ्या. पडदा अर्धा ओढा."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, पंचवीस वर्षं या खोलीत आहे. खिडकी डोळ्यावर येते हे मला आज कळलं."

१.३०

डब्यात मेथी. जेवताना आमचे युनियनचे जुने नेते येऊन बसतात. निवृत्त झालेत, पण डबा इथेच खातात. माझी नोकरी त्यांच्यामुळे टिकली.

२००१ मध्ये लागलो तेव्हा मला दिसत होतं. पाच वर्षांनी रात्रीचं दिसेना, मग बाजूचं दिसेना. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिग्मेंटोजा असं नाव सांगितलं. आधी कडा जातात, मग जग नळीतून पाहिल्यासारखं उरतं, आणि मग नळीही बंद होते. हे मी ऑफिसात सहा वर्षं लपवलं. उघड्या ड्रॉवरवर आपटलो तर 'घाईत होतो'. समोरून आलेल्या साहेबांना नमस्कार केला नाही तर 'विचारात होतो'. दर वर्षी प्रकृतीविषयक माहितीचा तक्ता फिरायचा आणि मी त्यात निरंक भरायचो. अंधारात जिना उतरताना पायऱ्या मोजायचो. तेव्हापासून या इमारतीच्या सगळ्या जिन्यांचे आकडे मला पाठ आहेत.

मग एक दिवस चुकीच्या माणसाचं निवृत्तिवेतन माझ्या हातून मंजुरीला गेलं. तेव्हा सांगावंच लागलं. वरून तोंडी निरोप आला, 'स्वेच्छानिवृत्ती घ्या, सन्मानानं जाल.' नेते दुसऱ्या दिवशी कायद्याच्या पानाची झेरॉक्स घेऊन आले, १९९५ च्या कायद्याचं कलम ४७. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हुद्दा खाली आणता येत नाही. काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. सोबत २००३ चा सर्वोच्च न्यायालयाचा कुणाल सिंग निकाल. तो पाय गमावलेल्या एका शिपायाचा होता. नव्या कायद्यात तीच तरतूद कलम २० मध्ये आली आहे.

"तू सहा वर्षं आधी बोलला असतास," नेते आजही म्हणाले, "तर ते निवृत्तिवेतनाचं झालं नसतं."

"तेव्हा तुमच्याकडे झेरॉक्स होती?"

"होती की. कुणी मागितलीच नाही."

२.१५

मंडळात तिघं. अध्यक्ष म्हणजे मोठे साहेब, लेखा विभागाच्या मॅडम आणि मी. मला पहिल्यांदा नेमलं तेव्हा 'यांना उमेदवार दिसणार कसा' असं विचारलं गेलं होतं. आता तर दृष्टी नाही एवढ्याच कारणानं न्यायाधीशपदापासून कुणाला दूर ठेवता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ३ मार्च २०२५ ला सांगून टाकलंय. त्यापुढे लेखा सहायकाची, तीही अकरा महिन्यांच्या करारावरची मुलाखत म्हणजे काय मोठं? प्रश्न मला पाठ असतात. गुण मी फोनवर टिपतो, एका कानात इअरफोन घालून.

कर्णबधिर मुलगी आली. साहेबांनी घसा साफ केला आणि दुभाष्याला म्हणाले, "यांना विचारा, बँक जुळवणी येते का?"

"साहेब," मी हळूच म्हणालो, "त्यांच्याकडे बघून त्यांनाच विचारा. ते आपोआप पोचतं."

कुणाकडे बघायचं हे आंधळ्यानं सांगावं, यावर मॅडम हसल्या, मग साहेबही. पुढचे प्रश्न सरळ गेले. उत्तरं दुभाष्याच्या आवाजात यायची, पण त्याआधी तिच्या बांगड्या वाजायच्या. थोड्या वेळानं मी बांगड्यांकडेच कान देऊ लागलो. जुळवणी तिला येत होती, आणि साहेबांनी मुद्दाम घातलेली एक खोटही तिनं पकडली.

व्हीलचेअरवाल्या मुलीचं लवकर उरकलं. ती तयारीची होती आणि आम्हालाही काही अडलं नाही. जाताना दारात भावाला म्हणाली, "अरे, इथे तर पायरीच नाही." एवढंच.

अल्पदृष्टी असलेल्या मुलाची टॅलीवरची चाचणी तीस मिनिटांची. तासाला वीस मिनिटं जादा हा लेखी परीक्षांसाठी केंद्रानं घालून दिलेला हिशेब आहे, तोच धरून मी त्याला दहा मिनिटं दिली होती. "बाकीच्यांवर अन्याय नाही का?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, त्याच्या पडद्यावर एका वेळी किती अक्षरं मावतात ते जाऊन बघा. ते गेले, त्याच्या मागे उभे राहिले, परत आले आणि काही बोलले नाहीत. एका हाताच्या मुलानं जादा वेळ नको म्हटलं होतं. फोनवर त्यानं फक्त एवढंच मागितलं होतं की माऊस डावीकडे लावून ठेवा. तो डावीकडे होता.

फोन न उचलणारा पाचवा आलाच नाही.

आणि मग अकरावा उमेदवार. हा पाचांतला नव्हता. कागदावर धडधाकट, रकाना क्रमांक १४ निरंक.

"घसारा म्हणजे काय?" मी विचारलं.

शांतता. माझ्यासाठी शांतता म्हणजे काहीच नसतं. मान हलली, खांदे उडाले, माणूस विचार करतोय की हरलाय, यातलं काही माझ्यापर्यंत येत नाही. मी तीन-चार सेकंद थांबलो आणि समजलो, येत नसावं. "बरं, पुढचा प्रश्न," असं म्हणत होतो तेवढ्यात त्याचा आवाज आला, "घ्... घ्... घ्..." आणि एकदम, "झीज. मालमत्तेची झीज. दर वर्षी तेवढी रक्कम नफ्यातून व-वजा दाखवायची."

त्याला 'घसारा' शब्द माहीत होता. तो तोंडातून निघत नव्हता, म्हणून त्यानं बाजूच्या गल्लीतून वाट काढली. तोतरेपणा असलेल्यांना ही सवय असते. अडणारं अक्षर लांबून दिसतं, आणि वाक्य त्या अक्षराला वळसा घालून जातं. पण मॅडमनी टिपलं असणार, 'पारिभाषिक शब्द माहीत नाही'. आणि साहेब तोपर्यंत त्याचे शब्द त्याच्याआधी पूर्ण करू लागले होते. "इनपुट... टॅक्स क्रेडिट, हो ना? हां." त्यांचा हेतू मदतीचाच होता.

दोनदा मी त्याला मधेच तोडलं. त्याचं वाक्य संपलं की अडलं हे मला ऐकून कळत नव्हतं. बघून कळलं असतं कदाचित, ओठ हलताना दिसतात म्हणे. माझी गैरसोय आणि त्याची गैरसोय समोरासमोर येऊन बसल्या होत्या आणि दोघी एकमेकींना धक्के देत होत्या. दीड वर्ष टिपण्या लिहिणारा मीच त्याच्या मुलाखतीतला सगळ्यात मोठा अडथळा झालो होतो.

मी थांबलो. "माफ करा. मला दिसत नाही. तुमचं बोलणं संपलं हे मला कळत नाहीये. काय करू या?"

पुन्हा शांतता. या वेळी मी तिच्यात बोललो नाही. साहेबांच्या खुर्चीचा आवाज आला, तेव्हा मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"सर, मी... झ्-झालं की टेबलावर ट-टिचकी मारतो."

आणि त्यानं मारली. टक्.

पुढची मुलाखत त्या टिचकीवर चालली. तो बोलायचा, अडायचा, वळसा घ्यायचा, कधी अडूनच पलीकडे जायचा, आणि शेवटी टक्. त्यानंतरच आम्ही. बारा मिनिटांची वेळ होती, एकवीस झाली. टिचकी सुरू झाल्यापासून तो कमी अडत होता असं मला वाटलं. कदाचित आम्हीच थांबायला लागलो होतो म्हणून. 'घसारा' शब्द त्यानं शेवटी आपणहून एकदा पूर्ण म्हटला. खूप वेळ लागला. टक्.

मी विचारलं, "रकाना क्रमांक १४ मध्ये का नाही लिहिलंत? जादा वेळ मिळाला असता."

"सर, त्यावर लि-लिहिलं होतं, फक्त दिव्यांग उ-उमेदवारांसाठी. माझ्याकडे ना-नाही ते कार्ड."

टक्.

कंसातले ते शब्द माझे. टिपणी मंजूर व्हावी म्हणून मीच घातले होते. सगळ्यांना विचारलं तर सगळे मागतील, अशी भीती वरच्यांना होती, आणि खरं सांगायचं तर थोडी मलाही. विकास कुमार विरुद्ध लोकसेवा आयोग हा ११ फेब्रुवारी २०२१ चा निकाल मी माझ्या टिपण्यांत तीनदा उद्धृत केलाय. लिहिताना बोटं आखडणारा तो परीक्षार्थी. चाळीस टक्क्यांच्या प्रमाणपत्रात बसत नाही म्हणून आयोगानं लेखनिक नाकारला, आणि न्यायालयानं सांगितलं की सोय मिळायला टक्क्यांची अट लावता येणार नाही. तीनदा लिहून तो कंस मला दिसला नाही.

५.१०

गुणांची बेरीज. साहेब म्हणाले, "त्या पाचांना, म्हणजे चौघांना, आणि त्या अडखळणाऱ्याला दोन-दोन गुण सहानुभूतीचे देऊ या." मनानं माणूस चांगला आहे.

"नको साहेब. माऊस डावीकडे ठेवला तेवढं पुरे."

निकाल इथे लिहिणं बरं नाही, यादी अजून सहीला जायची आहे. एवढंच सांगतो की मॅडमनी 'पारिभाषिक शब्द माहीत नाही' हे वाक्य खोडलं. पेन कागदावर दोनदा फिरल्याचं ऐकू आलं.

निघण्यापूर्वी नवी टिपणी टाकली. विषय: 'रकाना क्रमांक १४ मधील कंसातील मजकूर वगळणेबाबत'. खर्च निरंक. पान वाढत नाही, उलट अर्धी ओळ कमी होते.

७.०५

परतीच्या गाडीत उभाच होतो. शेंगावाल्या काकांनी हातात पुडी ठेवली आणि पैसे घेतले नाहीत. आज धंदा बरा झाला म्हणाले.

९.४०

जेवण झालं. ही आत भांडी लावतेय. मेल उघडला. पुढच्या महिन्यात पाच दिवसांचं निवासी प्रशिक्षण आहे, बढतीसाठी लागतं. सोबत ऑनलाइन अर्ज. नाव, पदनाम, सेवा प्रवेशाचा दिनांक, भोजन शाकाहारी की मांसाहारी. वाचक एकेक रकाना सांगत गेला, मी भरत गेलो.

"विशेष आवश्यकता, असल्यास. संपादन. रिकामं."

बोटांनी टाइप केलं आणि वाचकानं ते वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं मी काय लिहिलं ते. "निरंक."

कारणं तयार होतीच. नवी जागा, अनोळखी माणसं, पहिल्याच दिवशी मागण्या कशाला. जेवणघरापर्यंत कुणी ना कुणी नेतंच. प्रशिक्षणाचं साहित्य स्कॅन करून देतील, ते कुणाकडून तरी वाचून घेऊ. बढतीच्या वर्षात नाव कशाला लक्षात राहू द्या.

"झाला का अर्ज भरून?" आतून आवाज आला.

"होतोय."

बॅकस्पेसवर बोट ठेवलं. खोडताना वाचक जाणाऱ्या प्रत्येक अक्षराचं नाव घेतो.

"क. अनुस्वार. र. पहिली वेलांटी. न."

"रिकामं."

मी लिहायला घेतलं: '१. सर्व साहित्य चार दिवस आधी, युनिकोडमध्ये, स्कॅन नको. २.'